‘हॅलो’ : अर्थ, मूळ, उपयोग

वडिलांना जेवण झालं की सुपारीबरोबर एक शब्द लागायचा. त्यांनी जन्मभर नगरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. सुपारी कातरत ते विचारायचे, “नारायण, आज कुठला?” मी सांगेन त्या शब्दाची मग कांद्यासारखी सालं निघायची. आधी अर्थ, मग मूळ, मग उपयोग. अर्थ कुणीही पाठ करतं, मूळ हौशी माणूस शोधतो, पण शब्द कुठं वापरावा आणि कुठं वापरू नये हे कळायला अक्कल लागते, असं त्यांचं म्हणणं. ते गेल्यावर भावांनी घर घेतलं आणि माझ्या वाट्याला त्यांची परातीएवढी इंग्रजी डिक्शनरी आली. ती काखोटीला मारून मी पाटबंधारे खात्यात कारकून झालो. विद्येचं असं चीज फार थोड्यांनी केलं असेल.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात खात्यानं मला उतारवाडीला धाडलं. प्रवरासंगमाच्या खाली, गोदावरीच्या काठावरचं छोटं गाव. अलीकडे आपला नगर जिल्हा, पलीकडे निजामाचं राज्य. लोक त्याला मोगलाईच म्हणत. आदल्या वर्षी पुरानं काठ धुऊन नेला होता, म्हणून खात्यानं तिथं एक चौकी बांधली आणि नेवाशापासून टेलिफोनची तार ओढली. काठावर एक रंगवलेला खांब होता. त्यावर पाणी कुठवर आलं ते पाहायचं आणि फोनवरून कळवायचं, एवढंच माझं काम. तारेच्या त्या टोकाला रविकांत नावाचा कारकून बसे. त्याला ऐकू कमी येई की ऐकायचा कंटाळा होता, देव जाणे. मी दांडा गरगर फिरवून ‘हॅलो, हॅलो’ करत घसा कोरडा करायचो, तेव्हा कुठं तो बोलायचा.

चौकीच्या खालीच सहादेवाचं घर. नदी ओलांडायच्या त्या उताराची होडी पिढ्यान् पिढ्या त्याच्या घराण्याकडे होती. घोडेगावच्या बाजाराला मोगलाईतली बैलं पोहत यायची आणि त्यांचे मालक होडीतून. सहादेव उंच, वाळका, बोलायला कमी. वल्हं मारून मारून त्याचा उजवा खांदा वर आला होता, त्यामुळे तो कायम काहीतरी ऐकत असल्यासारखा दिसे. त्याची बायको छबूबाई दिवसभर कामात असायची. ती नवऱ्याशी बोलत नाही, हे माझ्या ध्यानात यायला थोडे दिवस गेले. ती ताट सरकवायची, तो जेवायचा. काही सांगायचं झालं तर ती शेळीला सांगायची. “आज सरपान न्हाई बाई, कुनी आनलं तर बरं,” असं शेळीच्या कानाशी म्हणायची, आणि सहादेव उठून कुऱ्हाड घ्यायचा. मला आधी याची गंमत वाटली. दारातल्या लिंबाला झोक्याचा दोर लोंबत होता, पावसापाण्यानं काळा पडलेला. घरात मात्र लेकरू दिसत नव्हतं. मी काही विचारलं नाही.

त्या उताराचा एक रिवाज होता. पलीकडून नुसती हाक आली म्हणून होडी सोडायची नाही. पलीकडच्या माणसानं पाण्याकडेच्या काळ्या धोंड्यावर उभं राहून आपलं नाव आणि गाव ओरडून सांगायचं. ते ऐकू आलं की मगच सहादेव ओ द्यायचा आणि दोर सोडायचा. एकदा ओ दिली की मात्र जायलाच हवं, मग पाणी कसंही असो. मी त्याला कारण विचारलं.

“नदी हाका मारती, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “आमच्या आज्याला लई येळा मारल्या. पर तिला नाव-गाव सांगता येत न्हाई.”

चोराचिलटांच्या भयानं कुणा शहाण्यानं काढलेली ही युक्ती असणार, असा मी अर्थ लावला. अर्थ लावायची मला खोडच होती.

एका दुपारी सहादेव चहाला चौकीवर आला. मी फोनला चिकटलो होतो. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला, आणि मी फोन ठेवल्यावर गंभीरपणे म्हणाला, “ह्यो हॅलो लई माजोरी मानूस दिसतुया. रोज येवढ्या हाका मारता, पर ओ देत न्हाई.”

मी पोट धरून हसलो. हॅलो हा माणूस नव्हे, फोनवर म्हणायचा शब्द आहे, असं त्याला सांगितलं. आणि सांगता सांगता लक्षात आलं, की जो शब्द मी दिवसभर बोलतो त्याची सालं मी कधी काढलीच नव्हती. मी फळीवरची डिक्शनरी खाली घेतली.

अर्थ साधा होता. दुसऱ्याचं लक्ष वेधण्यासाठी, किंवा कुणी भेटल्यावर काढायचा उद्गार. मूळ वाचताना मात्र मी ताठ बसलो. टेलिफोन निघायच्या किती तरी आधीपासून हा शब्द थोड्याफार फरकानं बोलला जात होता. त्याचा उगम एका जुन्या जर्मन क्रियापदात असावा. त्याचा अर्थ ‘आण’, ‘घेऊन ये’. आणि ही साद विशेषतः घातली जाई ती नदीच्या पलीकडच्या काठावरून, होडीवाल्याला.

“सहादेव, अरे, हा तर तुझाच शब्द!” मी ओरडलो. “पलीकडून होडीवाल्याला मारायची हाक. आमच्या यंत्रात नंतर आला.”

सहादेवाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. “आनि नाव-गाव?”

“ते नाही. नुसती हाक.”

“मंग ओ कवा द्यायची?”

“लगेच. फोनवर ‘हॅलो’ आलं की आधी ओ. कोण, कुठला, ते मागून. असा त्याचा उपयोग.”

तो कप जमिनीवर ठेवून म्हणाला, “म्हंजी हाक मारनाऱ्यानं आपन कुनाचं ते सांगायचंच न्हाई. लेक असू दे न्हाईतर सून असू दे.” त्यानं खांद्यावरच्या पंचानं तोंड पुसलं. “बरा हाय सबुद. आदी ठावं असाया पायजे हुता.”

आणि मग त्यानं मला मालनचं सांगितलं.

मालन त्यांची एकुलती एक लेक. आदल्या उन्हाळ्यात तिला पलीकडे चांदवाडीला दिली होती. सासरच्यांनी रीतीप्रमाणे तिचं नाव बदलून रंगू ठेवलं. त्यात वावगं काही नव्हतं, पण उतारवाडीत ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं, लग्नात एकदा ऐकलेलं ते बापाच्या तर ध्यानातही राहिलं नव्हतं. नागपंचमीला तिला आणायला सहादेव स्वतः जाणार होता. तिला तेवढा दम निघाला नाही. आदल्याच सांजेला दिरानं तिला गाडीतून काठावर आणून सोडलं आणि पाऊस यायच्या आत तो परत फिरला. बापाचीच होडी, मग काळजी कसली? नदी चढत होती. मालन काळ्या धोंड्यावर उभी राहिली आणि लहानपणी बापानं शिकवलं होतं तसं तिनं नाव आणि गाव ओरडून सांगितलं. जे आता तिचं होतं ते सांगितलं.

“रंगूऽ, चांदवाडीचीऽ.”

सहादेवानं ते ऐकलं होतं. वाऱ्यानं आवाज फाटून येत होता. छबूबाई पुरण वाटता वाटता उठून बाहेर आली आणि म्हणाली, “आवाज मालनसारका वाटतुया.”

“मालन असती तर मालन म्हनली असती,” सहादेव म्हणाला.

चढत्या पाण्यात परक्या बाईसाठी होडी घालायला त्याचं मन होईना. बाई पलीकडच्या देवळात रात्र काढील, सकाळी आणू, असं त्यानं ठरवलं. नाव-गाव ऐकूनही ओ दिली नाही. शिवाय चांदवाडीचीच आहे, तर सकाळी मालनची खुशालीही कळेल.

“त्या इचारानं बरं वाटलं हुतं, भाऊसाहेब,” सहादेव म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, “बरं वाटलं हुतं.”

सकाळी धोंडा पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर काठावरच्या बाभळीत तिचं गाठोडं अडकलेलं सापडलं. मालन सापडली नाही. त्या सकाळपासून छबूबाई त्याच्याशी बोलली नव्हती.

डिक्शनरी मांडीवर उघडीच होती, ती मी मिटली. एखाद्याच्या दुःखात आपण हौसेनं हात घातला की नंतर तो कुठं पुसावा कळत नाही. सहादेव उठला आणि उतरणीवरून खाली गेला.

पुढं आषाढ लागला आणि नदी गढूळ झाली. फोनमध्ये खरखर वाढली. तार भिजली की असं होतं, त्यात नवल नाही. पण त्या खरखरीत मध्येच एक शांत जागा यायची, आणि तिथं पाणी वाहताना ऐकू यायचं. अगदी कानाजवळून, धोंड्याला वळसा घालून जाणारं पाणी.

“तुझ्याकडे नळ उघडा राहिलाय का रे?” मी एकदा रविकांतला विचारलं.

“नेवाशाला नळ कुठला?” तो म्हणाला. “मला वाटतंय तूच नदीत उभा राहून बोलतोयस.”

त्यानंतर दोन-चार दिवसांनी, दिवेलागणीला, मी खांबावरचं पाणी पाहायला खाली उतरलो होतो. पलीकडून हाक आली.

“हॅलोऽ.”

बाईचा आवाज. शब्द अगदी स्वच्छ, फक्त उतारावरच्या हाका लांबवतात तसा लांबवलेला. मी मान वर करून पाहिलं. धोंड्यावर कुणी नव्हतं. मोगलाईच्या नाक्यावरचे शिपाई टवाळखोर होते, त्यांतलाच कुणी आवाज काढून थट्टा करत असणार, असं म्हणून मी चौकीवर आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांतला एक शिपाई तंबाखूसाठी इकडे आला. त्याला विचारलं. पाणी चढायला लागल्यापासून नाका वरच्या टेकाडावर हलवलाय, काठाला कोणी थांबत नाही, असं तो म्हणाला. ‘हॅलो’ हा शब्द त्यानं जन्मात ऐकला नव्हता. मी म्हणून दाखवला तर त्याला तो धड म्हणताही येईना.

त्या सांजेला मी मुद्दाम काठावर गेलो. सहादेव होडीशी बसला होता. छबूबाई घागर घेऊन घोटाभर पाण्यात उभी होती, पण घागर भरत नव्हती. उजेड विझत आला आणि हाक आली. तोच शब्द, तोच आवाज, एकदाच.

“भाऊसाहेब, तुमी म्हनला का?” सहादेवानं हळूच विचारलं.

“नाही.”

“मी बी न्हाई.”

छबूबाई माझ्याकडे वळली, त्याच्याकडे नाही. तिच्या तोंडावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं. “पोरीनं सबुद शिकला,” ती म्हणाली. “आता तिला नाव सांगाया नको.”

मी खाकरून त्यांना प्रतिध्वनी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी दिवसभर खिडकीशी बसून ओरडतो, तो आवाज पलीकडच्या दरडीवर आपटून फिरत असेल, वगैरे. माझा आवाज बाईचा होऊन का परत येईल, हे त्यांनी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

मग ती हाक रोज येऊ लागली. गावात कुजबुज सुरू झाली. पाटलांनी मला वाटेत गाठून सुनावलं, “तुमच्या यंत्रानं नदीला बोलाया शिकवलं बघा.” दिवस मावळायला आला की बाया पाणवठ्यावरून घाईनं घरी जायच्या. काठाला आम्ही तिघंच उरायचो. सहादेव ओठ घट्ट मिटून बसायचा. ओ दिली की जावं लागतं, म्हणून. हाक विरली की छबूबाई त्या मिटलेल्या तोंडाकडे टक लावून पाहायची. ते पाहणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

“जाऊ नकोस,” मी त्याला एकदा बाजूला घेऊन म्हणालो. “हे काय आहे ते मला कळत नाही.”

“मला कळतंय व्हय?” तो म्हणाला. “नदीला नाव-गाव सांगता येत नव्हतं, भाऊसाहेब. आता सांगाया लागतच न्हाई. तीच असंल.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. “आनि मालन असंल तर?”

मी खांबावरचं पाणी उगाच पुन्हा पाहिलं आणि चौकीवर आलो.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळपासून वारा सुटला. तिसऱ्या प्रहरी रविकांतचा फोन आला. कधी नव्हे ते तो घाईत होता. वर पाऊस फार झालाय, पाणी येतंय, कुणाला पात्रात उतरू देऊ नकोस, असं तो ओरडून सांगत असतानाच तार तुटली. खरखरसुद्धा थांबली. मी दांडा फिरवून पाहिला, पण फोन मेला होता.

मी गावात जाऊन पाटलांना सांगितलं. खालच्या आळीतल्या लोकांनी गाठोडी बांधली. परत येईतो उजेड कमी झाला होता. छत्री ठेवली आणि सवयीनं फोन कानाला लावला.

खरखर नव्हती. शांत होतं. त्या शांततेत पाणी वाहत होतं.

“हॅलोऽ.”

एका कानात फोनमधून. दुसऱ्या कानात खिडकीतून, पलीकडच्या काठावरून. एकाच वेळी.

मी फोन तसाच टाकून पळालो.

सहादेव होडीचा दोर सोडत होता. मी त्याचा दंड धरला. “पाणी येतंय. आज नको.”

“येऊ द्या.”

“कोण हाक मारतंय ते तरी—”

“कोन हाय ते इचारत बसलो, भाऊसाहेब, म्हनून तर गेली.” त्यानं माझा हात हलकेच सोडवला.

छबूबाई घरातून घोंगडी घेऊन आली. पाण्यात उतरून तिनं ती होडीतल्या मधल्या फळीवर ठेवली. सहादेवानं वल्हं उचललं, पण लगेच होडी लोटली नाही. तो तिच्याकडे पाहत थांबला. ती आता काही बोलेल असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं.

ती खाली पाहत राहिली.

त्यानं मान हलवली आणि होडी लोटली.

मध्यावर गेल्यावर त्याचा आवाज आला. वर्षभर कोंडून ठेवलेला आवाज.

“ओऽऽ. आलोऽ.”

पलीकडची हाक थांबली. वल्ह्याची चुबुक चुबुक थोडा वेळ ऐकू आली. मग सर आली आणि पलीकडचा काठ दिसेनासा झाला.

पाऊस रात्रभर पडला, उजाडल्यावरही पडतच होता. पाणी चढलं होतं, पण रविकांत म्हणाला होता तेवढं नाही. धोंडा उघडाच होता, आणि सहादेवाची होडी त्या धोंड्याला बांधलेली अलीकडून दिसत होती. माणूस दिसत नव्हता. पाटलांनी वरच्या उतारावरून दुसरी होडी मागवली. पाटलांचा एक गडी, मी आणि छबूबाई असे पलीकडे गेलो.

दोराची गाठ सहादेवाचीच होती. दोन वेढे आणि शेपूट आत खुपसलेलं. तशी गाठ तो एकटाच मारायचा. होडीच्या तळाशी पावसाचं पाणी साचलं होतं. फळ्या भिजून काळ्या झाल्या होत्या. घोंगडी नव्हती.

मधल्या फळीवर दोन जागा कोरड्या होत्या. एकमेकींना लागून. एक रुंद, एक लहान.

पाऊस चालूच होता. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात माझा सदरा अंगाला चिकटला, गड्याच्या पागोट्यातून पाणी गळायला लागलं. त्या दोन जागा कोरड्याच राहिल्या.

छबूबाईनं वाकून लहान जागेवर तळवा ठेवला.

“ऊन हाय अजून,” ती म्हणाली.

मग ती रुंद जागेकडे वळली. पदर सारखा केला. आणि वर्षात पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली.

“येवढा उशीर का लावला?”

गडी रामनाम म्हणत आमच्या होडीत जाऊन बसला. मी तिथंच उभा राहून रडलो. मला लाज वाटली नाही.

तिनं दोर सोडू दिला नाही, आणि सोडायचं धैर्यही कुणाला झालं नाही. होडी पलीकडेच राहिली. सहादेव कधी सापडला नाही. उतारवाडीचा उतार त्यानंतर बंद पडला, लोक वरून जाऊ लागले.

महिनाभरानं छबूबाई चौकीच्या पायरीशी येऊन बसली. “भाऊसाहेब, एक इचारू का? त्यांना हाक मारायची म्हनलं तर नाव घ्यावं लागंल. जलमात कवा घेतलं न्हाई. माझ्यानं व्हायाचं न्हाई.” ती अडखळली. “तुमचा सबुद म्हनला तर चालंल?”

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ती घोटाभर पाण्यात उभी राहून पलीकडे तोंड करून तो शब्द ओरडायची. तिला तो नीट यायचा. पलीकडून काही येत नव्हतं. पलीकडे दोघं होते आणि होडी होती. अलीकडे ती होती आणि घेऊन यायला जाणारं कुणी नव्हतं. एकदा ती माझ्याकडे वळून अगदी लहान मुलीसारखी म्हणाली, “ओ का देत न्हाईत? तुमी तर म्हनला हुता, लगेच द्यायची असती.”

दिवाळीनंतर मी खटपट करून नगरला बदली करून घेतली. आता कचेरीत माझ्या टेबलावरच फोन आहे. डिक्शनरी ट्रंकेत घालून ठेवली आहे, तिच्यावर घरातल्या रजया आहेत. फोन उचलल्यावर मी तो शब्द म्हणत नाही, आणि समोरून आला तर ओ देत नाही. “नाव? गाव?” असं आधी विचारतो. साहेबांनी यावरून दोनदा झापलं. कचेरीतले लोक मला पाठीमागं ‘नावगावकर’ म्हणतात, ते मला माहीत आहे. म्हणोत बापडे. उतारवाडीची खबर रविकांत अधूनमधून देतो. छबूबाई अजून उभी राहते, म्हणाला. आवाज बसलाय, पण चुकवत नाही.

काल पंचमीची आदली सांज होती. कचेरीतले सगळे लवकर घरी गेले होते. शिपाई दिवा लावून गेला आणि फोन वाजला. मी उचलला. रोजच्यासारखं विचारलं.

“नाव? गाव?”

खरखर थांबली. पाणी वाहत होतं, धोंड्याला वळसा घालून. कुणीतरी बोलायला तोंड उघडलं आणि अडखळलं. मी कान दाबून धरला. मग फार दुरून एका कोवळ्या पोरीचा आवाज आला, चुकू नये म्हणून विचारावं तसा.

“कोनतं सांगू?”